गाळ बसतो तेव्हा

धनंजय आगाशे चिखलावर पोट भरतो, असं त्याचे सासरे चारचौघांत थट्टेनं म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लखनौच्या दक्षिणेला, तेलीबागचा बाजार ओलांडून थोडं पुढे गेलं की एका सरकारी संशोधन संस्थेचं आवार लागे. त्या आवाराच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, कडुनिंबांच्या आड, एक लाकडी खोली होती. तिला लोखंडाचा एक खिळा नव्हता. बिजागऱ्या पितळेच्या, स्क्रू पितळेचे, खुर्ची वेताची. आत जाणाऱ्यानं किल्ल्या, घड्याळ, पट्टा सगळं बाहेरच्या स्टुलावर काढून ठेवायचं असा दंडक होता. मदतनीस मिश्राजी निवृत्तीला टेकले होते, तरी रोज एकदा किल्ल्या खिशात विसरत आणि "अरे राम" म्हणत बाहेर पळत.

या खोलीत धनंजय गाळाची दिशा मोजत असे. तळ्याच्या तळाशी गाळ बसतो, तेव्हा त्यातले लोहाचे बारीक कण होकायंत्राच्या सुईसारखे उत्तरेकडे तोंड करतात. वर दुसरा थर आला की त्यांना हलायची सोय राहत नाही. तोंड जिकडे होतं तिकडेच राहतं. आता पृथ्वीची चुंबकीय उत्तर काही एका जागी बसलेली नसते, शतकाशतकाला थोडी इकडे, थोडी तिकडे सरकते. तेव्हा तळ्यात प्लास्टिकची नळी रोवून गाळाचा उभा दांडा काढायचा, तो दोन-दोन सेंटिमीटरच्या डब्यांत कापायचा आणि एकेक डबी यंत्रात फिरवून तिचं तोंड कुठे आहे ते टिपायचं. खालची डबी जुनी, वरची नवी. हजारो वर्षं उत्तर कुठे कुठे हिंडून आली ते असं कळतं.

काम एकट्यानं करायचं होतं, आणि आगाशे साहेबांना एकटंच आवडतं असा संस्थेत समज होता. तो साफ चुकीचा होता. तीन वर्षांपूर्वी, नव्वदच्या पावसाळ्यात, त्याची बायको नीलम गेली. आजाराला डॉक्टरांना शेवटपर्यंत नाव सापडलं नाही. बाई हळूहळू कमी कमी होत गेली, एवढंच. अवनी तेव्हा आठ वर्षांची होती. सासरे सदाशिवराव तिला पुण्याला, कोथरूडला घेऊन गेले. बापाला ऑफिस, घरात बाईमाणूस नाही, मुलीनं काय करायचं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि म्हणूनच धनंजयला ते अजून सलत होतं. इंदिरा नगरमधल्या घरात मधली खोली तिची. तिथे तिची कॉट होती, अभ्यासाचं टेबल होतं, आणि तिचं दार धनंजय लावून ठेवी. संध्याकाळी शेअर रिक्षासारख्या विक्रम टेंपोतून उतरून घरापर्यंत चालताना त्याची पावलं आपोआप मंद होत. त्या घरात जायला त्याला नको वाटे.

दर रविवारी सकाळी तो मार्केटमधल्या गुप्ताजींच्या बूथवरून पुण्याला फोन करी.

"बाबा, कब आ रहे हैं आप?" अवनीचा पहिला प्रश्न.

"अवनी, मराठीत बोल गं," मागून आज्जीचा आवाज येई.

"कधी येणार?" मग ती मराठीत विचारी. लखनौत वाढलेलं पोर, तिला दोन्ही येत होतं, पण लाडाची भाषा हिंदी होती.

या वेळी त्याच्याकडे उत्तर होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जागा रिकामी होणार होती. डायरेक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आगाशे, मार्चअखेर रिपोर्ट दीजिए, अच्छा रिपोर्ट, मैं खुद सिफारिश करूँगा." म्हणजे एका तळ्याचा एक नीट आलेख, आणि अवनी त्याच्याजवळ. गेल्या तीन वर्षांत त्याला दुसरं काही नकोच होतं.

नोव्हेंबरात तो आणि मिश्राजी बख्शी का तालाबच्या पुढे मझौवा झील नावाच्या तळ्यावर गेले. एअरफोर्सच्या तळावरून विमान उठलं की पाणी थरथरायचं, तेवढं सोडलं तर जागा निवांत होती. सिंघाड्याचा, म्हणजे आपल्या शिंगाड्याचा, हंगाम उतरणीला लागला होता. बैजनाथ नावाच्या सिंघाडेवाल्यानं दोन डोंगे, म्हणजे चपटी होडगी, एकमेकांना बांधून त्यांना तळ्यात फिरवलं. तीन ठिकाणी तीन नळ्या रोवल्या: एक उत्तर काठाशी, एक पश्चिमेला, एक पूर्वेच्या घाटासमोर. नळी वर ओढण्याआधी तिच्या तोंडाशी होकायंत्र धरून उत्तरेकडे बाण काढायचा असतो. या धंद्यात सगळी भिस्त त्या बाणावर. बाण चुकला की पुढची हजारो वर्षं चुकली. बाण मिश्राजींनी काढले. धनंजयनं ते वरवर पाहिले, कारण वारा बोचत होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

डिसेंबरभर मोजणी चालली. खालचे थर इतके सुरेख आले की मिश्राजींनी स्वतःच्या खिशातून जलेबी आणली. तिन्ही नळ्या एकमेकींना धरून चालत होत्या. उत्तर पाच अंश पूर्वेला, मग तीन अंश पश्चिमेला, जसं असायला हवं तसं. ते एकशे ऐंशी सेंटिमीटरपर्यंत. तिथून वर, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपासून पुढे, सगळं बिघडलं. उत्तरेच्या नळीतला गाळ दक्षिणेकडे बघत होता, पश्चिमेचा पूर्वेकडे, पूर्वेचा पश्चिमेकडे.

"मिश्राजी, तीर उल्टे तो नहीं लग गए?"

"साहब, पैंतीस साल से तीर लगा रहा हूँ," मिश्राजी म्हणाले, आणि दोन दिवस बोलले नाहीत.

धनंजयला राग मिश्राजींचा नव्हता, स्वतःचा होता. बाण उलटा लागणं ही या कामातली जुनी फजिती. माणूस सूर्याकडे पाठ करून उभा राहतो आणि सुईचं शेपूट धरून मोकळा होतो. पण उलटा बाण लागला तर नळी अथपासून इतिपर्यंत उलटी यायला हवी. खालचा अर्धा भाग सुलटा आणि वरचा भलतीकडे, हे बाणाचं काम नव्हे. तरीही जानेवारीत तो पुन्हा झीलवर गेला. धुकं असं होतं की डोंग्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. तिन्ही बाण त्यानं स्वतः काढले, दोनदा तपासले.

तळ्याच्या मधून जाताना बैजनाथनं बांबू पाण्यात टेकवला आणि डोंगा क्षणभर थांबवला.

"इहाँ पहिले खटिया भर जगह छोड़ देत रहे, साहब. हमरे बाबा के टाइम तक. सिंघाड़ा नाहीं लगावत रहे."

"क्यों? गहरा है?"

"नाहीं, कमर भर है. बस, कोई रहत रहा."

"कौन?"

बैजनाथनं आग्नेय कोपऱ्याकडे हनुवटी केली. "फिर सरकत-सरकत ऊ कोना मा गवा. हम लोग उधर छोड़ै लगे. फिर चला गवा. अब पूरे ताल मा लगाइत है." आजोबांच्या काळापेक्षा पीक वाढलं याचं त्याला समाधान दिसत होतं. त्यानं बांबू रेटला आणि डोंगा पुढे निघाला. गावोगावी तळ्यात कुणी ना कुणी राहतच असतं, असं मनाशी म्हणून धनंजयनं ते सोडून दिलं.

नव्या नळ्यांनीही तेच सांगितलं. आता चूक बाणाची नव्हती. पृथ्वीची उत्तरही बदललेली नव्हती, कारण ती बदलली तर तिन्ही नळ्यांत सारखीच बदलेल; इथे तिघी तीन दिशांना बघत होत्या. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, रिपोर्ट कसा वाचवावा या विचारात, त्यानं तळ्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि एकशे ऐंशी सेंटिमीटरच्या थराच्या तीन रेघा तीन जागांवरून ओढल्या. डोक्यात काही नव्हतं, हाताला चाळा म्हणून. तिन्ही रेघा तळ्याच्या मधोमध एका ठिकाणी मिळाल्या.

त्यानं एकशे साठचा थर घेतला. रेघा पुन्हा मिळाल्या, आधीच्या ठिकाणापासून थोड्या आग्नेयेला. मग एकशे चाळीस. मग एकशे वीस. अठराशे वर्षं तळ्यातला सगळा गाळ उत्तर सोडून एका बिंदूकडे तोंड करून बसत आला होता, आणि तो बिंदू सरकत होता. खालच्या थरांत शंभर वर्षांत चार पावलं, वर येईल तशी अधिक. आठ सेंटिमीटरच्या थरात, म्हणजे ऐंशीएक वर्षांपूर्वी, तो आग्नेय काठ ओलांडून तळ्याबाहेर पडला. वरच्या चार डब्यांमध्ये रेघा मिळतच नव्हत्या. तिन्ही जवळजवळ समांतर, एकशे पन्नास अंशांवर, दूर कुठेतरी आग्नेयेकडे बघत होत्या. त्या बाजूला लखनौ होतं.

धनंजयनं नकाशा गुंडाळून ठेवला आणि चहा प्यायला गेला. तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता, आणि हे सांगून त्याला हसायलाही कुणी जवळ नव्हतं.

अशा वेळी करायचा एक साधा प्रयोग असतो. तळ्याचा थोडा गाळ पाण्यात कालवायचा, डबीत ओतायचा आणि हात न लावता बसू द्यायचा. बसताना तो आजची उत्तर धरतो. धरली, तर गाळ शहाणा आणि मोजणारा मूर्ख. नाही धरली, तर गाळातच खोट. लाकडी खोलीत त्यानं डबी ठेवली आणि शेजारी होकायंत्र. सुई उत्तरेला होती. दुसऱ्या दिवशी दुपारी डबी मोजली. गाळ उत्तर सोडून वीस अंश पूर्वेला बघत होता.

वीस अंश. त्यानं शहराच्या नकाशावर तेलीबागहून रेघ ओढली. झीलवरून एकशे पन्नासची दुसरी ओढली. दोन रेघा इंदिरा नगरात मिळाल्या.

इंदिरा नगर मोठं आहे, हजारो घरं आहेत, असं त्यानं स्वतःला बजावलं. तरी संध्याकाळी त्यानं गाळाची बाटली पिशवीत घातली. घरी तीन डब्या तीन ठिकाणी मांडल्या: एक पुढच्या व्हरांड्यात, एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एक मागच्या न्हाणीपाशी. प्रत्येकीवर बाण काढला. कपाटाच्या, कॉटच्या लोखंडानं फसगत होऊ नये म्हणून प्रत्येक ठिकाणी होकायंत्र ठेवून खात्री केली. सुई तिन्हीकडे बिनतक्रार उत्तरेला उभी राहिली. सुईही लोखंडाची आणि गाळातला कणही लोखंडाचाच. एकीला कळतं ते दुसऱ्याला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्या डब्या कापसात गुंडाळून त्यानं टेंपोतून तेलीबागला नेल्या, मोजल्या, आणि घराच्या नकाशावर रेघा ओढल्या. तिन्ही अवनीच्या खोलीत मिळाल्या. कॉटवर, उशीच्या बाजूला.

इथे धनंजयला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर त्याला तशी भीती वाटली नाही. त्या संध्याकाळी तो टेंपोतून उतरला आणि घरापर्यंत चालताना त्याची पावलं मंद झाली नाहीत. कुलूप काढून आत गेल्यावर त्यानं मधल्या खोलीचं दार उघडलं. कॉट रिकामी होती, चादर ताणलेली, उशी सरळ. त्यानं दार तसंच उघडं ठेवलं आणि स्वयंपाकघरात खिचडी टाकली. जेवताना त्याच्या लक्षात आलं की आज आपण रेडिओ लावलेला नाही. लावावासा वाटलाच नव्हता.

त्यानंतरचे तीन आठवडे बरे गेले. हे त्यानं पुढे कुणाला सांगितलं नाही, त्याची त्याला लाज वाटे, पण बरे गेले. रोज सकाळी डब्या मांडायच्या, रोज रेघा ओढायच्या. बिंदू कधी कॉटवर, कधी टेबलापाशी, एकदा दाराच्या चौकटीत, म्हणजे तो जिथे बसून जेवत असे तिथून दोन हातांवर. रिपोर्टही झपाझप होत होता. वरचे एकशे ऐंशी सेंटिमीटर "गाळ विस्कळीत, मोजमापास अयोग्य" असं लिहून त्यानं टाकून दिले आणि खालचा सुरेख आलेख तेवढा ठेवला. संस्थेच्या कँटीनमध्ये जाणं सुटलं. मिश्राजींशी बोलणं कामापुरतं उरलं. घरात कुणी दिसत नव्हतं, आवाज येत नव्हता, वस्तू हलत नव्हत्या. फक्त घर रिकामं राहिलं नव्हतं.

मग एक दिवस सदाशिवरावांचा ऑफिसात फोन आला.

"धनंजयराव, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. का हो?"

"दोन रविवार झाले, फोन नाही. पोर सकाळपासून फोनपाशी बसून असते. काल जेवली नाही."

दोन रविवार. त्याला आठवेना. तो विसरला होता असंही नाही. त्याला गरजच वाटली नव्हती. फोन ठेवून तो उठला तेव्हा पँट कमरेवरून घसरली. पट्ट्याला दोन भोकं आत घ्यावी लागली होती, तीही कधी घेतली ते त्याला सांगता आलं नसतं.

आणि मग त्याला नीलम आठवली. शेवटच्या वर्षातली. मधल्या खोलीत कॉटच्या समोर खुर्ची टाकून बसलेली. तिचं शेजारणींकडे जाणं थांबलं होतं, माहेरी पत्र लिहिणं थांबलं होतं. त्यानं एकदा विचारलं होतं, तुला करमतं कसं गं? ती हसून म्हणाली होती, "आता मला माणसांची उणीव वाटत नाही हो." तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. बायको लखनौत रुळली, असं वाटलं होतं.

बूथवर जाऊन त्यानं अवनीला फोन केला, माफी मागितली. ती रुसली होती. मग नेहमीसारखी बोलली. तिच्या आवाजानं छातीत जे दुखलं ते त्याला हवंच होतं. दुखतंय तोवर ठीक आहे, असं त्याला वाटलं.

आता एकच गोष्ट कळायला हवी होती. ते घरात आहे, की त्याच्याबरोबर आहे? घरात असेल तर घर सोडून पुण्याला जायचं, कुलूप लावून, मागे न बघता. मार्चच्या शेवटी त्याला दोन दिवस कानपूरला परीक्षक म्हणून जायचं होतं. गेस्ट हाउसच्या खोलीत दोन कॉट होत्या. एकीवर त्यानं बॅग ठेवली आणि मग काढून खाली ठेवली. तीन डब्या मांडल्या, बाण काढले, आणि दुसऱ्या दिवशी त्या घेऊन तेलीबागला परतला.

तिन्ही रेघा दुसऱ्या कॉटवर मिळाल्या.

रिपोर्ट वेळेत गेला. डायरेक्टर खूश झाले, म्हणाले, "अरे, इतना साफ कर्व मैंने देखा नहीं." एप्रिलच्या मध्याला पुण्याचं पत्र आलं. नाव, पद, रुजू होण्याची तारीख. मिश्राजींनी पुन्हा जलेबी आणली. धनंजयनं ते पत्र आठ दिवस शर्टाच्या खिशात बाळगलं. तीन वर्षं ज्याच्यासाठी काढली ते हातात होतं. गेलं तर अवनी मिळेल, आणि तिच्या शेजारच्या कॉटवर आपल्याबरोबर काय जाईल, हेही त्याला माहीत होतं. रात्र रात्र विचार करून उत्तर बदललं नाही. शेवटी त्यानं दोन ओळींचा नकार लिहून टाकला. प्रकृतीचं कारण दिलं.

रविवारी त्यानं अवनीला सांगितलं. परीक्षा संपून तिला सुट्टी लागली होती.

"बाबा, आपने प्रॉमिस किया था."

"हो गं. या वर्षी नाही जमत."

"अगले साल?"

"नाही, बाळा. मला इथेच राहावं लागणार आहे."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "अच्छा." आणि फोन आज्जीकडे दिला.

धनंजय लूच्या उष्ण वाऱ्यातून डोकं रुमालानं बांधून घरी आला. कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थांबला.

घर रिकामं होतं.

तीन वर्षं होतं तसं, पुरं रिकामं. नळाचा थेंब ऐकू येत होता. मधल्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्यातून नुसती हवा येत होती. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि लगेच, मग ते गेलं कुठे? त्यानं घाईघाईनं डब्या मांडल्या. गाळ कालवताना बरणी दोनदा सांडली.

सोमवारी सकाळी तो आठ वाजताच लाकडी खोलीत होता. पहिली डबी: दोनशे अठरा अंश. दुसरी: दोनशे अठरा. तिसरीही तीच. मोजमापात चूक नको म्हणून त्यानं तिन्ही पुन्हा फिरवल्या.

घराच्या नकाशावर रेघा कुठेच मिळेनात. तिन्ही समांतर. म्हणजे ते लांब होतं. किती लांब, हे गाळ सांगत नाही.

ऑफिसच्या भिंतीवर भारताचा नकाशा होता. त्यानं लखनौवर मोजपट्टी टेकवली आणि दोनशे अठरा अंशांवर वळवली. पट्टी भोपाळजवळून गेली, खांडव्याजवळून गेली, औरंगाबादला चाटून खाली उतरली. त्या रेघेवर गावं पुष्कळ होती. धनंजयच्या ओळखीचं घर एकच होतं.

"साहब, आपकी चाबी," मिश्राजी मागून ओरडले. तो थांबला नाही.

तेलीबागच्या नाक्यावरच्या बूथमध्ये त्यानं नंबर फिरवला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा घंटा वाजली. काचेच्या दाराच्या आत उकाड्यानं श्वास कोंडत होता आणि बिलाच्या मीटरवर लाल आकडे सरकायला लागले.

"हॅलो?" अवनीच होती.

"अवनी, मी. बाबा. तू बरी आहेस ना?"

"हो." आवाज शांत होता. कालचं काही त्यात नव्हतं. रुसवा नाही, रडू नाही.

"बाळा, ऐक. रागावलीस ना माझ्यावर? मी येतो. मी आजच निघतो, ऐकतेस ना? उद्या रात्रीपर्यंत तिथे असेन."

"नका येऊ, बाबा," ती म्हणाली. अगदी समजूतदारपणे, एखाद्या मोठ्या बाईसारखं, आणि स्वच्छ मराठीत. "कशाला उगाच? मला आता काही वाटत नाही."

"आज्जी कुठे आहे?"

"मंडईत गेली. आजोबा बँकेत."

"मग घरात तू एकटीच आहेस का?"

पलीकडे खुर्ची करकरली, ती मागे वळली असावी.

"नाही," अवनी म्हणाली.

"कोण आहे तिथे? अवनी? कोण आहे?"

"थांबा हं, बाबा," ती म्हणाली. "विचारते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तिची पावलं आतल्या खोलीकडे गेली.